हृदयोपचारातील नवे अभ्यास आणि रोजची ओपीडी : डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करणाऱ्या किंवा ग्रामीण रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरांचे आहेत. विषय वेगवेगळे असले तरी अडचण एकच दिसते. एखाद्या अभ्यासाचा निष्कर्ष परिषदेत किंवा मोबाइलवर एका ओळीत कळतो; त्यात कोणते रुग्ण घेतले होते हे मात्र त्या ओळीत नसते, आणि निर्णय तर समोर बसलेल्या रुग्णाबाबत घ्यायचा असतो. म्हणून पुढील उत्तरांत निकालाइतकाच भर अभ्यासातील रुग्णांच्या वर्णनावर दिला आहे.

प्रश्न : माझ्या ५४ वर्षांच्या एका रुग्णाला दीड वर्षापूर्वी हृदयविकाराचा झटका आला आणि त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली. इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदयाच्या डाव्या कप्प्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण) ५८ टक्के आहे. मेटोप्रोलॉल या बीटा-ब्लॉकरमुळे (नाडीचा वेग आणि रक्तदाब उतरवणारे औषध) थकवा येतो, गोळी बंद करा, असा त्याचा आग्रह आहे. नव्या अभ्यासांच्या आधारे ती बंद करता येईल का?

उत्तर : झटक्यानंतर प्रत्येकाला बीटा-ब्लॉकर देण्याची प्रथा ज्या अभ्यासांवर उभी राहिली, ते प्रामुख्याने १९८० च्या दशकातील आहेत. तेव्हा बंद रक्तवाहिनी तातडीने उघडण्याची सोय नव्हती, कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन वापरात नव्हते आणि झटक्यातून वाचलेल्या रुग्णाच्या हृदयावर मोठा व्रण राहत असे. आज वेळेत अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णाचे हृदय अनेकदा जवळजवळ पूर्ववत होते. अशा रुग्णाला या गोळीचा उपयोग होतो का, हा प्रश्न नव्याने तपासला गेला तो गेल्या काही वर्षांत.

२०२४ मधील 'रिड्यूस-एएमआय' या मुख्यतः स्वीडनमध्ये झालेल्या अभ्यासात ५,०२० रुग्ण होते. सर्वांची अँजिओग्राफी झालेली होती आणि इजेक्शन फ्रॅक्शन ५० टक्के किंवा अधिक होते. साडेतीन वर्षांच्या पाठपुराव्यात मृत्यू किंवा पुन्हा झटका यांचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत ७.९ टक्के आणि न घेणाऱ्यांत ८.३ टक्के आढळले, म्हणजे लक्षणीय फरक नव्हता. २०२५ मध्ये स्पेन आणि इटलीतील 'रीबूट' अभ्यासातही ४० टक्क्यांहून अधिक इजेक्शन फ्रॅक्शन असलेल्या रुग्णांना फायदा दिसला नाही. त्याच सुमारास जाहीर झालेल्या नॉर्वे आणि डेन्मार्कच्या 'बीटामी-डॅनब्लॉक' अभ्यासात मात्र मृत्यू, झटका, पक्षाघात अशा एकत्रित घटनांचे प्रमाण १६.३ वरून १४.२ टक्क्यांवर आले. हा फरक बहुतांशी पुन्हा येणाऱ्या झटक्यांतील होता, मृत्यूंत नव्हता. हे परस्परविरोधी वाटणारे निकाल नंतर प्रत्येक रुग्णाची माहिती एकत्र करून तपासले, तेव्हा चित्र बरेच स्पष्ट झाले. इजेक्शन फ्रॅक्शन ५० टक्के किंवा अधिक असलेल्या १७,८०१ रुग्णांत बीटा-ब्लॉकरचा फायदा दिसला नाही. ४० ते ४९ टक्क्यांच्या गटात मात्र घटनांचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाला. ४० टक्क्यांच्या खाली तर हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे बीटा-ब्लॉकर चालूच ठेवायचे.

आपल्या रुग्णाला थेट लागू पडणारा अभ्यास मात्र आणखी वेगळा आहे. वरील अभ्यासांत गोळी सुरू करावी की नाही, हे पाहिले होते. चालू असलेली गोळी थांबवली तर काय होते, हे फ्रान्समधील 'अ‍ॅबिस' अभ्यासाने २०२४ मध्ये तपासले. त्यात गोळी बंद केलेल्या गटात मृत्यू, झटका, पक्षाघात किंवा हृदयाच्या कारणाने रुग्णालयात भरती यांचे एकत्रित प्रमाण २३.८ टक्के आणि चालू ठेवलेल्या गटात २१.१ टक्के होते. हा फरक मुख्यतः भरतीचा होता. रक्तदाब आणि नाडीचे ठोके वाढले आणि, ज्या आशेने आपला रुग्ण आग्रह धरतो आहे, ते जीवनमान काही सुधारले नाही. थकव्याचे खापर नेहमी बीटा-ब्लॉकरवर फोडले जाते; हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप आणि झटक्यानंतर येणारे नैराश्य यांची विचारपूस आधी करावी.

एवढे पाहूनही रुग्ण ठाम असेल, त्याला अंजायना (श्रमाने छातीत दुखणे), एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) किंवा याच गोळीवर आटोक्यात असलेला रक्तदाब नसेल, तर माझ्या मते गोळी थांबवण्यास हरकत नाही. ती एकदम तोडू नये. दोन ते चार आठवड्यांत मात्रा उतरवत आणावी आणि महिन्याभराने रक्तदाब व नाडी पाहावी. ५८ टक्के हा आकडा कोणत्या इकोतील (हृदयाच्या सोनोग्राफीतील) आहे, तेही पाहून घ्यावे. मात्र ज्या रुग्णाला उशिरा आणले, फक्त गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज दिले आणि ज्याची अँजिओग्राफी आजवर झालेली नाही, असा रुग्ण या अभ्यासांत नव्हता. आपल्याकडे तो अजूनही बराच दिसतो आणि त्याची गोळी मी बंद करणार नाही.

प्रश्न : आमच्या ग्रामीण रुग्णालयापासून कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करण्याची जागा) रस्त्याने पावणेदोन तासांवर आहे. एसटी उंचावलेल्या झटक्याच्या (ज्यात ईसीजीवरून वाहिनी पूर्ण बंद झाल्याचे दिसते) रुग्णाला टेनेक्टेप्लेज (गुठळी विरघळवणारे इंजेक्शन) देऊन पाठवावे की न देता लवकर पाठवावे? साठी उलटलेल्यांना अर्धी मात्रा द्यावी का?

उत्तर : ईसीजीवर निदान झाल्यापासून बंद वाहिनीतून तार पार होईपर्यंत १२० मिनिटांहून अधिक वेळ लागणार असेल, तर विरोधी कारण नसल्यास गुठळी विरघळवणारे औषध जागीच द्यावे, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. रस्त्याचा वेळ हा या १२० मिनिटांचा एक भाग झाला. १०८ ची रुग्णवाहिका येणे, नातेवाइकांचा निर्णय, तिथल्या दारावरचे कागदपत्र आणि रात्री दोन वाजता कॅथलॅबची माणसे गोळा होणे हे सगळे त्यात धरले, तर पावणेदोन तासांच्या रस्त्याला दोन तासांत वाहिनी उघडणे जवळजवळ अशक्य आहे. तेव्हा लक्षणे सुरू होऊन १२ तास झालेले नसतील, तर औषध द्यावे, निदानानंतर शक्यतो दहा मिनिटांच्या आत द्यावे आणि देऊन लगेच पाठवावे. शॉकमधील (रक्तदाब धोकादायक उतरलेला) रुग्ण आणि ज्याला औषध देता येत नाही असा रुग्ण, या दोघांना थेट कॅथलॅबकडे न्यायचे असते.

भारतातील वीस हजारांहून अधिक रुग्णांची 'क्रिएट' नोंदणी २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात लक्षणांपासून रुग्णालयापर्यंतचा मध्यम वेळ ३६० मिनिटे होता आणि रुग्णालयात आल्यावर औषध सुरू होईपर्यंत आणखी ५० मिनिटे गेली होती. पहिले सहा तास आपल्या हातात फारसे नाहीत. नंतरची ५० मिनिटे मात्र पूर्णपणे आपली आहेत.

औषध देऊन पाठवण्याच्या पद्धतीचा मुख्य पुरावा 'स्ट्रीम' या २०१३ मधील अभ्यासाचा आहे. त्यात लक्षणे सुरू होऊन तीन तासांच्या आत आलेले आणि तासाभरात अँजिओप्लास्टी होऊ न शकणारे १,८९२ रुग्ण होते. तीस दिवसांतील मृत्यू, शॉक, हार्ट फेल्युअर (हृदय शरीराला पुरेसे रक्त पुरवू न शकणे) किंवा पुन्हा झटका यांचे प्रमाण टेनेक्टेप्लेजच्या गटात १२.४ टक्के आणि थेट अँजिओप्लास्टीच्या गटात १४.३ टक्के होते. मात्र टेनेक्टेप्लेज मिळालेल्या ३६ टक्के रुग्णांना तातडीने कॅथलॅबमध्ये न्यावे लागले. म्हणून 'इंजेक्शन दिले, आता सकाळी पाहू' ही आपल्याकडची सवय घातक आहे. औषधानंतर ६० ते ९० मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढावा. एसटीची उंची निम्म्यानेही उतरली नसेल, तर ती वाहिनी उघडलेली नाही असे समजून तातडीची अँजिओप्लास्टी करावी. उतरली असेल, तरी २ ते २४ तासांच्या दरम्यान अँजिओग्राफी व्हावी. दोन्ही ईसीजींची तुलना खरी ठरावी यासाठी छातीवरील लीड जिथे लावले तिथे पेनाने खुणा कराव्यात, आणि इंजेक्शनची वेळ व मात्रा पहिल्या ईसीजीच्या कागदावरच ठळक लिहून तो कागद रुग्णाबरोबर पाठवावा. केसपेपर हरवतो, ईसीजी सहसा हरवत नाही.

मात्रा वजनावर ठरते : ६० किलोंपेक्षा कमी वजनाला ३० मिलिग्रॅम, ६० ते ७० किलोंच्या आत ३५, ७० ते ८० च्या आत ४०, ८० ते ९० च्या आत ४५ आणि ९० किलो किंवा त्याहून अधिक असल्यास ५०. वजन नातेवाइकांना विचारून ठरवू नये; ते बहुधा जास्तच सांगतात. सोबत अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ३०० मिलिग्रॅम द्यावे, पंच्याहत्तरीपुढे क्लोपिडोग्रेल ७५ पुरे. रक्त पातळ करणारे एनोक्सापॅरिन पंच्याहत्तरीच्या आतील रुग्णाला शिरेतून ३० मिलिग्रॅम आणि पंधरा मिनिटांनी त्वचेखाली किलोला १ मिलिग्रॅम द्यावे. पंच्याहत्तरीपुढे शिरेतील मात्रा टाळून त्वचेखाली किलोला ०.७५ द्यावे.

आता अर्ध्या मात्रेविषयी. 'स्ट्रीम' चालू असताना वृद्ध रुग्णांत मेंदूतील रक्तस्राव दिसू लागल्यावर ७५ वर्षे आणि त्यापुढील रुग्णांची मात्रा निम्मी करण्यात आली आणि त्यानंतर हे प्रमाण ०.५ टक्क्यावर आले. 'स्ट्रीम-२' या २०२३ मधील अभ्यासात साठ वर्षे आणि त्यापुढील रुग्णांना अर्धी मात्रा दिली. वाहिनी उघडण्याच्या दृष्टीने निकाल चांगला होता, तरीही औषध मिळालेल्यांपैकी दीड टक्का रुग्णांना मेंदूत रक्तस्राव झाला. त्यांतील काहींना रक्त पातळ करणारे औषध प्रमाणाबाहेर मिळाले होते किंवा त्यांचा रक्तदाब आटोक्यात नव्हता. हा अभ्यास अर्धी मात्रा विरुद्ध पूर्ण मात्रा असा नव्हता, त्यामुळे 'साठीपुढे अर्धी मात्रा सुरक्षित' असा त्याचा अर्थ लावता येत नाही. पंच्याहत्तरीपुढे अर्धी मात्रा द्यावी, हे निश्चित. साठ ते पंच्याहत्तरच्या दरम्यान मी वजनानुसार पूर्ण मात्राच देतो; मात्र रक्तदाब १८० व ११० च्या खाली आणल्याशिवाय इंजेक्शन देत नाही आणि एनोक्सापॅरिनची मात्रा दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घेतो.

टेनेक्टेप्लेज संपले असेल म्हणून वाट पाहू नये. स्ट्रेप्टोकायनेज १५ लाख युनिट ३० ते ६० मिनिटांत द्यावे; रक्तदाब उतरला तर थेंबांचा वेग कमी करावा, पाय उंच करावेत आणि सलाइन द्यावे. खेड्यांतून येणाऱ्या बऱ्याच रुग्णांना छातीत दुखते म्हणून आधीच कुणी तरी कमरेत डायक्लोफेनॅकचे वेदनाशामक इंजेक्शन दिलेले असते. त्या जागी गुठळीविरोधी औषधानंतर मोठी रक्तगाठ होऊ शकते. तेवढ्याने औषध नाकारू नये, पण ती जागा दाबून धरावी आणि आपल्याकडून स्नायूत एकही इंजेक्शन जाऊ देऊ नये.

अशी साखळी उभी राहते, याचा पुरावा तामिळनाडूत आहे. तिथे लहान रुग्णालये मोठ्या केंद्रांना जोडल्यानंतर २,४२० रुग्णांच्या अभ्यासात वर्षभरातील मृत्यूचे प्रमाण १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आले. औषधे पूर्वीचीच होती. कुणी, कधी आणि कुठे पाठवायचे हे आधी ठरलेले होते, एवढाच मुख्य फरक होता.

प्रश्न : ३८ वर्षांच्या एका बाईंना रुमॅटिक मायट्रल स्टेनोसिस (संधिवाताच्या तापामुळे हृदयाची मायट्रल झडप अरुंद होणे) आणि एट्रियल फिब्रिलेशन आहे. वॉरफॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर आयएनआर (रक्त किती पातळ झाले याचे माप) कधी १.४ तर कधी ४.५ येतो. तपासणीसाठी जिल्ह्याला जाण्यात त्यांची दिवसाची मजुरी बुडते. त्यांना रिव्हारॉक्सॅबॅन या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळीवर नेले तर?

उत्तर : नेऊ नये. नवीन गोळ्यांचे जे मोठे अभ्यास एट्रियल फिब्रिलेशनमध्ये झाले, त्यांतून मध्यम ते तीव्र मायट्रल स्टेनोसिसचे रुग्ण मुद्दाम वगळले होते. त्यांच्यासाठी स्वतंत्र अभ्यास झाला तो 'इनव्हिक्टस', २०२२ मध्ये. त्यात भारतासह अनेक देशांतील साडेचार हजारांहून अधिक रुमॅटिक रुग्ण होते, बहुसंख्य स्त्रिया होत्या, सरासरी वय पन्नाशीच्या आसपास होते आणि आयएनआर तिथेही काही आदर्श नव्हता. बहुतेकांची, माझीसुद्धा, अपेक्षा अशी होती की रिव्हारॉक्सॅबॅन निदान बरोबरीचे ठरेल. झाले उलटे. पक्षाघात, गुठळी, झटका किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण रिव्हारॉक्सॅबॅनच्या गटात २५ टक्क्यांनी जास्त निघाले, मृत्यूही जास्त झाले आणि रक्तस्रावात लक्षणीय बचत दिसली नाही. मृत्यूंतील फरक मुख्यतः अचानक मृत्यू आणि हार्ट फेल्युअर यांचा होता. याचे कारण निर्विवादपणे सांगता येत नाही. वॉरफॅरिनच्या गटातील रुग्ण आयएनआरसाठी दर महिन्याला डॉक्टरांसमोर येत होते, त्याचा काही वाटा असावा, असे मला वाटते.

तेव्हा मूळ अडचण सोडवावी लागेल. आयएनआर २ ते ३ च्या बाहेर का जातो, ते शोधावे. गोळी एकाच कंपनीची आणि रोज संध्याकाळी एकाच वेळी घेतात का? जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल, अंगावरच्या फंगससाठी फ्लुकोनॅझोल किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कोट्रायमॉक्सॅझोल कुणी दिले होते का? त्याने आयएनआर चढतो. क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनने तो उतरतो. पालेभाजी बंद करायला सांगू नये. मेथी, पालक, शेपू आठवड्यात साधारण सारख्या प्रमाणात खाव्यात, इतके पुरे. श्रावणात एकीकडे उपास आणि दुसरीकडे रानभाज्या असा आहार बदलतो, म्हणून त्या महिन्यात एक तपासणी जास्त करावी. बोटातून थेंबभर रक्त घेऊन आयएनआर सांगणारे यंत्र आपल्या दवाखान्यात ठेवता आले, तर त्यांची मजुरीही वाचेल.

त्यांचे वय ३८ आहे, म्हणून गर्भधारणेविषयी स्पष्ट विचारावे. वॉरफॅरिनमुळे गर्भाला धोका असतो, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत. नव्या गोळ्याही गर्भारपणात चालत नाहीत. पाळी चुकताच त्याच आठवड्यात यावे, असे त्यांना सांगून ठेवावे. आणि झडपेचे क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असून दम लागत असेल, तर झडप फुग्याने उघडण्याजोगी आहे का, हे पाहण्यासाठी हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

कृत्रिम धातूच्या झडपेलाही हाच नियम आहे : वॉरफॅरिन किंवा त्याच जातीचे निकोमलोनच.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी स्टेंट घातलेल्या ७१ वर्षांच्या गृहस्थांना आता एट्रियल फिब्रिलेशन झाले असून रक्त पातळ करणारे अ‍ॅपिक्सॅबॅन सुरू केले आहे. झडपेचा आजार नाही. अ‍ॅस्पिरिनही चालू ठेवावे का?

उत्तर : थांबवावे. स्टेंटला वर्ष उलटले आणि मधल्या काळात काही घडले नसेल, तर रक्त पातळ करणारी एकच गोळी पुरे होते. जपानमधील 'अ‍ॅफायर' अभ्यास २०१९ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला, कारण दोन औषधे घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होते. 'त्यात धोक्याचे स्टेंट कुठे होते?' असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. त्याचे उत्तर २०२५ मध्ये फ्रान्सच्या 'अ‍ॅक्वाटिक' अभ्यासाने दिले. त्यात मुद्दाम अधिक धोक्याचे ८७२ स्टेंट-रुग्ण घेतले होते. अ‍ॅस्पिरिन जोडलेल्या गटात मृत्यू १३.४ टक्के, तर नुसत्या गोळीच्या गटात ८.४ टक्के झाले आणि मोठा रक्तस्राव तिपटीने वाढला. रुग्णाला हे समजावून सांगणे थोडे कठीण जाते, कारण 'स्टेंटची गोळी जन्मभर' हे आपणच त्याच्या मनावर ठसवलेले असते. म्हणून चिठ्ठीवर अ‍ॅस्पिरिन नुसते गाळू नये, 'बंद' असे लिहावे. नाहीतर औषधाच्या दुकानातून जुन्या चिठ्ठीवर ते चालूच राहते.

प्रश्न : ६६ वर्षांच्या एका स्थूल बाईंना मधुमेह आणि रक्तदाब आहे. जिना चढताना दम लागतो, पायांवर सूज आहे. इकोत इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के. रिपोर्टवर 'नॉर्मल' असे लिहिले आहे. हे हार्ट फेल्युअर असू शकते का? एम्पाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचे औषध द्यावे का?

उत्तर : असू शकते, आणि 'नॉर्मल' या शब्दावर थांबल्यामुळे ते वर्षानुवर्षे सुटते. आधी औषधांची यादी पाहावी : त्या रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन १० मिलिग्रॅम घेत असतील, तर पायांची सूज त्याचीही असू शकते. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचे माप) आणि लघवीतील प्रथिने तपासावीत. इको करणाऱ्या सहकाऱ्याकडून डाव्या कर्णिकेचा आकार, ई आणि ई-प्राइम यांचे गुणोत्तर (हृदयातील भरणीचा दाब सुचवणारे) आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतील दाब मागून घ्यावा. एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरील ताण दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेले असेल तर निदानाला बळ मिळते, परंतु स्थूल व्यक्तीत ते अपेक्षेपेक्षा कमी येते, म्हणून किंचित वाढलेला आकडाही गांभीर्याने घ्यावा.

निदान पक्के वाटत असेल तर एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम सुरू करावे. 'एम्परर-प्रिझर्व्ड' या २०२१ मधील अभ्यासात ४० टक्क्यांहून अधिक इजेक्शन फ्रॅक्शन असलेल्या ५,९८८ रुग्णांत हृदयाच्या कारणाने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती यांचे प्रमाण १७.१ वरून १३.८ टक्क्यांवर आले. पुढच्या वर्षी डापाग्लिफ्लोझिनच्या 'डिलिव्हर' अभ्यासात जवळजवळ तसाच निकाल आला. फायदा मुख्यतः भरती टळण्याचा आहे, आयुष्य वाढते असे या गटात सिद्ध झालेले नाही, हे रुग्णाला प्रामाणिकपणे सांगावे. पूर्वी किमतीपाशी गाडी अडत असे. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये संपल्यापासून अनेक भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या मिळू लागल्या आहेत.

सुरुवातीच्या आठवड्यांत क्रिएटिनिन थोडे वाढते. त्याला घाबरून गोळी थांबवू नये. जननेंद्रियांच्या फंगसची कल्पना आधीच द्यावी, कारण बाई हे आपणहून सांगत नाहीत, गुपचूप गोळी बंद करतात. उलट्या-जुलाब झाल्यास, निर्जळी उपास असल्यास आणि शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधीपासून ही गोळी घेऊ नये. लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड चालू असेल तर वजन रोज लिहून ठेवायला सांगावे आणि गरजेनुसार त्याची मात्रा उतरवावी. वजन घटवण्याचे औषध म्हणून सेमाग्लुटाइडची चौकशी त्या करतीलच. अशाच स्थूल रुग्णांत त्याने लक्षणे आणि चालण्याची क्षमता सुधारल्याचे २०२३ मध्ये दिसले आहे, पण माझ्या क्रमात ते दुसरे येते.

प्रश्न : झटक्यानंतर कोल्चिसिन हे दाह कमी करणारे औषध द्यावे का?

उत्तर : सरसकट देऊ नये. 'कोलकॉट' आणि 'लोडोको-२' या २०१९ आणि २०२० मधील अभ्यासांनी आशा दाखवली. २०२४ मधील 'क्लिअर' अभ्यासात मात्र झटक्यानंतर अँजिओप्लास्टी झालेल्या ७,०६२ रुग्णांत मृत्यू, झटका, पक्षाघात अशा घटनांचे प्रमाण कोल्चिसिन घेणाऱ्यांत ९.१ आणि न घेणाऱ्यांत ९.३ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच आले. स्थिर अवस्थेतील रुग्णाला, सर्व उपचार नीट चालू असूनही पुन्हापुन्हा त्रास होत असेल, तर रोज ०.५ मिलिग्रॅमचा विचार करता येईल. मूत्रपिंड अशक्त असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन चालू असेल, तर तोही करू नये.